महिना तीस हजारात कोकणात भागतं का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा, ५० लाखांच्या आसपास बँकेत ठेवायचे, त्याचं व्याज महिना ३० हजार धरलंय आणि तुम्ही दोघांनी मालवणकडे समुद्राजवळच्या गावात येऊन रहायचं. आधी अंदमान डोक्यात होतं पण तिकडे बेटावर बरंचसं सामान मेनलँडवरून जहाजाने येतं, महाग पडतं, म्हणून ते सोडलं आणि कोकण स्वस्त म्हणून कोकण धरलं. तीस हजारात भागेल का आणि पावसाआधी काय काय भरून ठेवायचं, असे दोन प्रश्न विचारलेत.

मी पण डोंबिवलीचीच. २०१२ ला आम्ही दोघं मालवण तालुक्यात सासरच्या घरी कायमचे रहायला आलो. तिकडे अकाउंटला होते, इकडे पण तेच करते, काही होमस्टेवाले, दोन किराणा दुकानं, एक मासळीचे व्यापारी आणि तुमच्यासारखी मुंबई-पुण्याहून आलेली सात-आठ घरं, या सगळ्यांचे हिशेब मी लिहिते. त्यामुळे फक्त माझ्या घरावरून बोलत नाहीये, बऱ्याच वह्या बघून बोलतेय.

भागतं. पण महिन्याचा हिशेब मांडून आलात तर पहिल्याच पावसात अडकाल.

मागच्या वर्षी आमचा दोघांचा खर्च ३ लाख ८५ हजार झाला, घर स्वतःचं, भाडं नाही. सरासरी काढली तर महिना ३२ हजार. आता तीच वही महिन्यावार उघडली तर फेब्रुवारीत १७ हजार, मे मध्ये ६८ हजार आणि गणपतीच्या महिन्यात ५४ हजार. जे लोक डिसेंबर-जानेवारीत येऊन महिनाभर राहून बघतात ते सगळे हेच सांगत परत जातात की अहो पंधरा-सतरा हजारात आरामात होतं, आणि ते खोटं नसतं, फक्त ते वर्षाचं सर्वात स्वस्त पान असतं.

आमचं पण तसंच झालं. नोव्हेंबरात आलो, एप्रिलपर्यंत पैसे उरत होते, त्या उरलेल्या पैशात मागच्या खोलीला एसी लावला. मे मध्ये कौलं परतायला माणसं आली तर दोन वासे वाळवीने पोखरलेले निघाले, ते बदलले, चाळीस हजार गेले. जूनमध्ये विहिरीचा पंप जळला. जुलैत सासूबाईंना न्यूमोनिया झाला, रात्री अकराला भर पावसात गाडी करून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, तिथे नऊ दिवस. एक एफडी मोडली तेव्हा कुठे सावरलो. त्याच मे महिन्यात शेजारच्या काकींनी मला विचारलं होतं, "आगोट भरलंस काय गो?" आणि मला तो शब्दच कळला नव्हता.

आगोट म्हणजे पावसाची सुरुवात आणि त्याआधी चार महिन्यांचं जे घरात भरून ठेवतात ते पण. इकडची जुनी माणसं अजून खर्चाचा विचार असाच करतात, आगोटीला किती लागणार, चतुर्थीला म्हणजे गणपतीला किती लागणार, मग बाकीचं. महिना हे पगाराचं माप आहे आणि पगार सोडून येताय तर ते माप पण तिकडेच सोडा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत काम मिळत नाही, पर्यटक नसतात, होडी बंद, बांधकाम बंद, आणि खर्च मात्र नेमके त्याच्या आधी आणि त्यातच येतात.

तुम्ही अंदमान महाग म्हणून सोडलंत ना, तर पावसात आमचं गाव पण थोडंफार बेटच होतं हे लक्षात घ्या. इथल्या बाजारातली भाजी बरीचशी घाटावरून येते, बेळगाव, कोल्हापूर, आजरा, गडहिंग्लज बाजूने. घाटात दरड आली की दोन दिवस टोमॅटो दिसत नाही आणि तिसऱ्या दिवशी दिसतो तो डोंबिवलीपेक्षा महाग. मी पहिली दोन वर्षं पावसात फ्लॉवर, सिमला मिरची, कोबी शोधत मालवणला जायचे, पेट्रोल जाळून. आता जात नाही. पहिल्या पावसानंतर रानभाज्या येतात, आधी टाकळा, मग फोडशी, भारंगी, शेवग्याचा पाला, दारातलं अळू, श्रावणापर्यंत काकडी, पडवळ, दोडकी, नशीब असेल तर अळमी, म्हणजे रानातली अळिंबी. हे खायला शिकलात तर जूनपासून भाजीचा खर्च निम्मा होतो. थंडीत वायंगणातला, म्हणजे भातानंतरच्या हिवाळी पिकातला, लाल माठ, मुळा, चवळी. सोमवारचा मालवणचा बाजार असतो, तिकडे टोपली घेऊन बसलेल्या गावच्या बायकांकडे आधी जायचं, घाटावरच्या भाजीचे ढीग नंतर.

मासळीचं पण तेच. सगळ्यांना वाटतं समुद्राकाठी मासे फुकट. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ६१ दिवस, त्या काळात ताजं मिळतं ते खाडी-ओढ्यातलं, कुर्ल्या, मुळे म्हणजे शिंपल्या, पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे चढणीचे मासे, आणि तेही रोज नाही. बाकीच्या वर्षात सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी यांचा भाव हॉटेलं ठरवतात, डिसेंबर आणि मे मध्ये तर आपण त्या रांगेत उभं पण राहू नये. गावची माणसं रोज खातात ते बांगडे, तारल्या, पेडवे. आमच्या घरी वर्षाला मासळीचे ३६ हजार जातात आणि आठवड्यातून चार दिवस मासे असतात. आमच्याच वाडीत पुण्याहून आलेलं एक जोडपं आहे, त्यांचे दुप्पट जायचे, कारण सुरमईशिवाय त्यांना चालत नव्हतं. आता त्या ताई लिलावाच्या वेळी किनाऱ्यावर स्वतः जातात, वाटा घेतात, साफ करायला शिकल्या, खर्च माझ्याइतकाच आला. कोणी घरपोच आणून देतंय म्हणून सवय लावून घेऊ नका एवढंच सांगेन.

आता घर. इथे मी थोडी सविस्तर बोलते कारण माझ्याकडच्या वह्यांत सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकलेली दिसतात. समुद्र दिसणारं घर हवं असतं सगळ्यांना, मला पण हवं होतं. पण खारा वारा काय करतो ते रहाणाऱ्यालाच कळतं. तिकडे बारा वर्षं चाललेला आमचा फ्रिज इकडे पाचव्या वर्षी मागून गंजून गेला. एसीचं बाहेरचं युनिट तीन वर्षांत. बिजागऱ्या, कड्या, गॅसची शेगडी, स्कूटरचा सायलेन्सर, पत्र्याचे स्क्रू, इन्व्हर्टरचे टर्मिनल, सगळं. घराच्या डागडुजीचे, कौलं, वाळवीचं औषध, पंप, चुना-रंग, गंजलेल्या वस्तू मिळून आमचे वर्षाला ५५ हजार जातात आणि हा आकडा किराण्याच्या खालोखाल सगळ्यात मोठा आहे, किराणा ७८ हजार. आमच्या दिरांचं घर किनाऱ्यापासून अडीच-तीन किलोमीटर आत आहे, त्याच वयाचं, त्याच चिऱ्याचं, त्यांचा हा खर्च वर्षाला २०-२२ हजाराच्या वर जात नाही. म्हणून माझं अगदी मनापासून सांगणं आहे, समुद्राला लागून घेऊ नका, दोन-तीन किलोमीटर आत घ्या, संध्याकाळी चालत समुद्रावर जा. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, लागतो, म्हणजे साधी एक खोली वाढवायची तरी परवानगीचा प्रश्न येतो, ते पण टळेल.

जागा घेतानाच्या दोन गोष्टी पटकन. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला घेता येत नाही, १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ आहे, तुमच्या नावावर किंवा घराण्यात कुठे शेतजमीन नसेल तर एनए म्हणजे बिगरशेती जागा किंवा गावठाणातलं घर बघावं लागेल. आणि सातबारा सामाईक असेल, त्यावर पंधरा-वीस नावं असतील, तर विकणारा एकटा कितीही चांगला असू दे, सगळ्यांच्या सह्यांशिवाय टोकनही देऊ नका. माझ्याकडच्या एका कुटुंबाचे सहा लाख असे सात वर्षं अडकले, त्यातल्या वकिलाच्या फीच्या पावत्या मीच फाईल करत होते, खूप वाईट वाटायचं.

विजेचं म्हणाल तर बिल जास्त नाही, गॅस आणि लाईट मिळून आमचे वर्षाला २२ हजार. खर्च वीज नसण्याचा आहे. पावसात झाड तारेवर पडलं की रात्र जाते, कधी दोन दिवस. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्या वाडीत आठ दिवस लाईट नव्हती, वायरमन पोरं दिवसरात्र खांबांवर होती तरी एवढा वेळ लागला इतकं मोडलं होतं, आमचे चार माड पडले, पडवीची अर्धी कौलं गेली. म्हणून इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी ही चैन धरू नका, आणि दर चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलायचे पैसे वर्षाच्या हिशेबात आधीच टाका. सोलर बद्दल सगळे विचारतात. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, चांगली आहे, पण साधं ऑनग्रिड, म्हणजे थेट विजेच्या लाईनला जोडलेलं, सोलर असेल तर लाईट गेली की ते पण बंद होतं, बॅटरी लागतेच, आणि जून ते ऑगस्ट ते फारसं बनवत नाही. दोन माणसांच्या घराला, एसी नसेल तर, मी तरी सोलर आधी आणि इन्व्हर्टर नंतर असं करणार नाही.

दवाखाना. हे वाचताना घाई करू नका. ताप, सर्दी, बीपी-शुगर, छोटी ऑपरेशनं, हे मालवण, कुडाळ, कणकवलीला होतं, ओरोसला आता मेडिकल कॉलेज पण आहे. पण हार्टचं, डोक्याला मार, अवघड बाळंतपण, अशा वेळी अजून गोव्यात बांबोळी नाहीतर घाट चढून कोल्हापूर. मालवणहून बांबोळी शंभर किलोमीटरच्या आसपास. रात्री गाडी, सोबत माणूस, तिथे रहाणं, जेवण, परत फॉलोअपच्या चकरा, हे सगळं बहुतेक मेडिक्लेममध्ये येत नाही. सासूबाईंच्या वेळी हॉस्पिटलच्या खर्चाइतकाच जाण्यायेण्याचा खर्च झाला होता. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला वेगळं खातं काढायला लावते, त्यात ५० हजार कायम, काढले की आधी ते भरायचे, मग बाकीचं. नोकरी सोडताना ऑफिसचा मेडिक्लेम जातो हे लोक विसरतात, तो जायच्या आधीच स्वतःची पॉलिसी चालू करा, मध्ये खंड नको. आणि रेशनकार्ड इकडच्या पत्त्यावर करून घ्या, महात्मा फुले योजनेला ते लागतं. आमचे औषध, तपासण्या आणि पॉलिसी धरून वर्षाला ४५ हजार जातात, त्यात काही मोठं झालेलं नाही हे धरून.

गाडीचे पेट्रोल-सर्व्हिसिंग ४८ हजार. हा आकडा बघून तुम्हाला वाटेल एवढे कशाला. बँक सहा किलोमीटर, मेडिकल सहा किलोमीटर, नळाचा वायसर पाहिजे तरी सहा किलोमीटर. डोंबिवलीत आपण खाली उतरून आणतो ते. मी आता आठवड्याचे दोन दिवस ठरवलेत, यादी करून एकदाच जायचं, शक्यतो एसटीने, बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून. फक्त शेवटची गाडी कधी आहे ते बघून निघा.

एक खर्च असा आहे जो शहरातून येणारं कोणीच लिहीत नाही, गावात रहाण्याचा खर्च. देवळाची वर्गणी, जत्रा, वाडीतली लग्नं, कोणाकडे कोणी गेलं तर तिकडे जाणं, गणपतीला घरी येणारी मुंबईची माणसं, त्यांचे पाच-सात दिवसांचे दोन्ही वेळचे पाट. आमचे ३० हजार वर्षाला. ह्यात काटकसर करू नका असं मी सांगते, आणि हे हिशेब लिहिणारी म्हणून सांगतेय. तौक्तेनंतर आमची कौलं चढवायला वाडीतली अकरा माणसं आली, एकानेही पैसे घेतले नाहीत, त्या आठवड्यात बाहेर दुप्पट मजुरी देऊन माणूस मिळत नव्हता. मुंबईला लग्नकार्याला जाण्याचे ४० हजार वेगळे. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, चुकलं की खाजगी बसचे तिप्पट द्यावे लागतात, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, ते पण बघून घ्या.

तुम्ही शेवटी लिहिलंय की कमी पडलं तर दोन खोल्या होमस्टेला देऊ. जरूर द्या, पण कर्ज काढून नाही. माझ्याकडच्या वहीतलं एक उदाहरण देते, नाव नाही देत. दोन खोल्या, १८०० रुपये रात्र, वर्षाला ९० रात्री भरल्या, म्हणजे १ लाख ६२ हजार. ऑनलाईन बुकिंगचं कमिशन, मदतीला बाई, चादरी, गॅस, गीझरची दुरुस्ती, रंग काढून हातात ८० हजारांच्या आसपास राहिले. ह्या ९० रात्रींतल्या साठ तरी दिवाळी, ३१ डिसेंबर आणि मे मधल्या. मे संपता संपता किल्ल्याची होडी बंद होते आणि सप्टेंबरपर्यंत कोणी येत नाही. त्यांनी खोल्या आठ लाखांच्या कर्जावर बांधल्या असत्या तर ते ८० हजार हप्त्यालाही पुरले नसते. आधी असलेली एक खोली द्या, पर्यटन संचालनालयाच्या न्याहरी-निवास योजनेत नोंदवा, दोन सिझन बघा. आंब्याची पंधरा-वीस कलमं असलेलं घर मिळालं तर सुरुवातीला बाग कराराने द्या, फवारणी, राखण, माणसं हे नवख्याला झेपत नाही आणि हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष हात आखडतो. माडांचं तेवढं ठेवा, घरचे नारळ घरी लागतात, पण पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडामागे पैसे घेतो आणि वानरं आपल्या आधी पोचतात, हे धरून.

आता तुमचे आकडे. ३० हजार म्हणजे वर्षाला ३ लाख ६०. आमचे ३ लाख ८५ होतात, म्हणजे तुम्ही २५ हजाराने कमी आहात, घर किनाऱ्यापासून आत घेतलंत तर तेवढे वाचतात. पण दोन गोष्टी तुमच्या कागदावर नाहीत. एक, व्याजावर टॅक्स आणि फ्लॅट विकल्यावरचा कॅपिटल गेन, इकडचं घर कधी आणि किती रकमेचं घेता यावर तो ठरतो, विकायच्या आधी सीएकडे बसा. दुसरी, तुम्ही ४५ च्या आहात, आजचे ३० हजार दहा वर्षांनी ३० हजारच राहिले तर पुरणार नाहीत. म्हणून सगळं व्याज खाऊ नका, वर्षाला निदान ६० हजार परत मुद्दलात टाकता येतील असं बघा, आणि त्यासाठी दोघांपैकी एकाने काहीतरी काम चालू ठेवा, घरबसल्या असलं तरी चालेल. पोस्टाच्या मासिक योजनेत जॉइंट खात्याला १५ लाखांची मर्यादा आहे, ते रोजच्या खर्चाला ठेवा. बाकीच्या एफडींचं व्याज महिन्याला घेऊ नका, वर्षाने घ्या, आणि तारखा अशा लावा की एकीचं व्याज एप्रिलच्या शेवटी येईल, कौलं आणि आगोटीला, आणि दुसरीचं ऑगस्टच्या सुरुवातीला, चतुर्थीला. एवढ्या एका बदलाने माझ्याकडच्या तीन घरांची दर पावसातली उधारी थांबली.

आणि फ्लॅट विकायच्या आधी भाड्याने द्या, इकडे आतल्या गावात पाच-सहा हजारांत साधं घर मिळतं का बघा, पण जून ते सप्टेंबर रहा. घरं बंद दिसतात खूप पण मालक मुंबईत असतात, चटकन देत नाहीत, गावात दोन-तीनदा येऊन ओळख करावी लागेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. आमची दोघांची आगोट अशी असते, मे च्या वीस तारखेपर्यंत घरात यायला हवी. उकडा तांदूळ ५० किलो, कुळथाचं पीठ ४ किलो, तूरडाळ आणि चवळी-मूग मिळून १० किलो, कांदे २० किलो, जाळीत टांगून. मालवणी मसाला २ किलो, मिरच्या एप्रिलच्या उन्हातच वाळायला हव्यात. सोलं म्हणजे आमसुलं २ किलो, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस ४ बाटल्या, सुके बांगडे, सुकट, थोडे सोडे म्हणजे सुकी कोळंबी, सगळं परत एकदा कडक उन्हात घालून मगच डब्यात. आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, राखेत घालून. चुलीला चुडतं म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या आणि करवंट्या, मांगरात म्हणजे बाहेरच्या खोपीत कोरड्या जागी, भरलेला दुसरा सिलिंडर, दोघांची रोजची औषधं दोन महिन्यांची, टॉर्चचे सेल, एक ताडपत्री. मीठ ५ किलो, शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मिळालं तर तेच घ्या, आणि ते चिनीमातीच्या बरणीत ठेवा, पिशवीत ठेवलंत तर जुलैत पाणी सुटतं.